एका शब्दाला एक फाइल

‘‘सर, अडकलं.’’

फोन शैलेशच्या सायबर कॅफेतला होता, त्याला स्पीकर होता, आणि रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही चौघे त्याच्याभोवती भजी खात बसलो होतो. आवाज ऐकल्याबरोबर शैलेश भुयारने कपाळावर हात मारला. ‘‘घ्या. आलं म्हातारं,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘काय अडकलं, काका?’’ मी विचारलं.

‘‘लिनक्स, सर. शेवटच्या पायरीपर्यंत सगळं बराबर झालं. मग एक लाल चौकोन आला आन् थांबलं. आता मशीन चालू केलं की काळी स्क्रीन, आन् डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ. नुसती लुकलुक करून राहिली. जुनी विंडोजबी येत नाही. मी सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. वाचून दाखवू?’’

‘‘नको, नको,’’ मी घाईने म्हणालो, आणि बाकीचे तिघे तोंडावर हात धरून हसले.

साल दोन हजार पाच, गाव अमरावती, महिना मे. मी सत्तावीस वर्षांचा होतो, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटी लेक्चरर होतो आणि शहरातल्या लिनक्स मंडळाचा, म्हणजे विंडोजऐवजी ती फुकटची प्रणाली वापरणाऱ्यांच्या गटाचा, प्रमुख होतो. मंडळ म्हणजे कागदावर अकरा माणसं आणि रविवारी प्रत्यक्षात पाच. पण प्रमुख तो प्रमुख. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल तर माझा त्या वेळचा फोटो पाहावा.

फोनवरचे पुंडलिकराव धांडे त्रेसष्ट वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी हयात घालवली होती, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात. एरवी दर रविवारी ते सगळ्यांच्या आधी यायचे, पहिल्या खुर्चीत बसायचे आणि मी जे बोलेन ते टोकदार पेन्सिलने उतरवून घ्यायचे. मला ‘सर’ म्हणायचे. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस मला उठून उभा राहून ‘सर’ म्हणतो, याचं मला पहिले दोन महिने फार कौतुक वाटलं. मग कंटाळा आला. मग त्याचा राग यायला लागला.

त्यांना लिनक्स कशाला हवं होतं हेही सांगतो. त्यांच्या पत्नी सुमित्राकाकू दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. पोरं निबंधात घरचे शब्द लिहायची. गडवा, कुटार, पऱ्हाटी, वावर. बाईंनी त्यावर लाल काट मारायची आणि शेजारी तांब्या, भुसा, कपाशी, शेत असं शुद्ध लिहायचं, हा नियम. काकूंनी तो पाळला. पण काट मारलेला प्रत्येक शब्द त्या संध्याकाळी घरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवायच्या. कोणत्या गावच्या, कोणाच्या पोराने, कशावरून लिहिला, त्याची आई तो कसा उच्चारते, सगळं. निवृत्त झाल्या तेव्हा सत्तावीस वह्या झाल्या होत्या. नागपूरचा एक प्रकाशक त्याचा कोश काढायला तयार झाला होता. पण तोवर काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, म्हणून धांडे काकांनी घरी कॉम्प्युटर घेतला. काकू भिंगातून वाचायच्या, काका दोन बोटांनी टाइप करायचे. दोन वर्षं लागली. सहा हजार दोनशे चौदा शब्द.

हे सगळं आम्हाला पाठ होतं, कारण काका ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आणि दोन गोष्टींवरून आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. एक म्हणजे त्यांनी प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल केली होती. ‘‘एका कागदावर एकच नकाशा, सर,’’ ते म्हणायचे, ‘‘दोन काढले की गोंधळ.’’ सहा हजार दोनशे चौदा फायली! दुसरी गोष्ट याहून भारी. एकेक वही टाइप होऊन तपासून झाली की ते ती बंबात घालायचे. खात्याचा शिरस्ताच तसा. पक्का नकाशा मंजूर झाला की कच्चा फाडायचा, नाहीतर कोणीतरी कच्च्या नकाशावर कालवा खणतो. सत्तावीसच्या सत्तावीस वह्यांवर त्यांनी आंघोळीचं पाणी तापवलं होतं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चोख काम केल्याचं समाधान असायचं.

मग शेजारच्या कोणाची तरी फ्लॉपी लावली, व्हायरस शिरला आणि चाळीस शब्दांची माती झाली. ते काकूंनी आठवून पुन्हा सांगितले, पण काका घाबरले. त्याच सुमारास वाचनालयात माझं भाषण झालं. लिनक्सला व्हायरस लागत नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणालो. काका त्या दिवसापासून माझे झाले. फायली आधी सीडीवर उतरवून ठेवाव्यात का, असं त्यांनी मला तीनदा विचारलंही होतं. सीडी-रायटर कॉलेजात माझ्या टेबलावरच होता. ‘‘पुढच्या रविवारी आणतो,’’ असं मी तीनदा म्हणालो होतो.

आणि त्या आधीच्या रविवारी एक प्रकार झाला होता. आमच्या कॉलेजचे प्राचार्य मंडळात आले होते. माझी नोकरी कायम करायची की नाही हे त्यांच्या हातात होतं, म्हणून मी जरा जोरात बोलत होतो. मधेच काकांनी हात वर केला.

‘‘सर, माफ करा. पण तेरा मार्चला तुम्ही याच्या उलट सांगितलं होतं.’’ त्यांनी पान काढलं आणि माझं तेरा मार्चचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. बरोबर तेच होतं. या वेळी मीच चुकलो होतो.

प्राचार्य खो-खो हसले. ‘‘टेकाडे, काका तुमच्यापेक्षा पक्के निघाले.’’

मीही हसलो. त्यानंतर आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीचा मला राग आला होता, आणि ती क्षुल्लक आहे हे कळत असल्यामुळे जास्तच आला होता.

तर आता काका फोनवर होते.

‘‘घाबरू नका,’’ मी म्हणालो. ‘‘मी दिलेली दुसरी सीडी आहे ना, लाइव्ह? ती घाला. मशीन सीडीवरूनच चालू होईल. मग आतलं पाहू.’’

‘‘घालतो, सर. तुम्ही फोन धरा.’’

जुनं मशीन होतं, वेळ लागला. आम्ही भजी संपवली. तिकडून खुर्ची सरकल्याचा, पंख्याचा आणि काकूंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

‘‘आलं सर. रंगीत चित्र आलं.’’

‘‘शाब्बास. आता मी सांगतो ते अक्षर अक्षर टाइप करा.’’ मी त्यांना डिस्क जोडायला लावली. म्हणजे असं, की सीडीवरून मशीन चालू होतं तेव्हा आतली डिस्क सुटी असते. तिला हात लागत नाही, काही बिघडत नाही. तिच्यातलं पाहायचं असेल तर ती एक आज्ञा देऊन जोडावी लागते. पुढे दुरुस्ती करताना लिहावंही लागणार होतं, म्हणून मी ती लिहिण्याच्या परवानगीसह जोडायला लावली. इथपर्यंत मी प्रामाणिकपणे दुरुस्तीच करत होतो. दहा मिनिटांचं काम उरलं होतं.

‘‘सर!’’ काका ओरडले. ‘‘शब्द दिसून राहिले! सगळे आहेत. अगं, ऐकतेस का, सगळे आहेत!’’

फोन काकूंनी घेतला. ‘‘पराग बेटा, मी सुमित्रा धांडे. खरंच आहेत ना रे? यांना काय, काही दिसलं की आनंद होतो.’’

‘‘आहेत काकू. काळजी करू नका.’’

‘‘मग झालं. बाकी ते तुमचं लिनक्स नाही आलं तरी मला चालते. पंधरा तारखेला प्रकाशकाचा माणूस घ्यायला येऊन राहिला. तेवढे त्याच्या हातात पडले की मी सुटले. तू ये रे एकदा जेवायला. यांच्या तोंडी सारखं तुझंच नाव असते.’’

फोन परत काकांकडे गेला. मी पुढची आज्ञा सांगणार, तोच शैलेशने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. ‘‘थांब ना बे,’’ तो कुजबुजला. ‘‘म्हातारा काहीही ऐकते. जराशी मजा करू.’’

शैलेश वाईट माणूस नव्हता. रविवारची दुपार होती, बाहेर पंचेचाळीस अंश ऊन होतं आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

‘‘काका,’’ तो फोनकडे झुकून गंभीर आवाजात म्हणाला, ‘‘आता स्पेस बार एकवीस वेळा दाबा. मोजून.’’

‘‘एकवीस. बरं. हे कशासाठी?’’

‘‘मेमरी मोकळी होते.’’

पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज आला. मग काका मोजू लागले. बाराला त्यांचा गोंधळ झाला, तर त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. आमच्यातला एक जण खुर्चीखाली बसून पोट धरून हसत होता. मग शैलेशने त्यांना कीबोर्ड उलटा करून तीनदा झटकायला लावला. मग मॉनिटरला पाठ करून एक मिनिट उभं राहायला लावलं, कारण स्क्रीनची ‘किरणं स्थिर’ व्हायला हवीत. ते उभे राहिले. ‘‘झालं का मिनिट?’’ असं त्यांनी काकूंना विचारल्याचं आम्हाला ऐकू आलं, आणि काकूंनी मोजून, ‘‘अजून वीस सेकंद,’’ असं सांगितल्याचंही.

‘‘आता शेवटचं,’’ शैलेश म्हणाला आणि माझ्याकडे पाहून त्याने हवेत बोटांनी दोन अक्षरं काढली.

लिनक्सच्या जगात ही एक जुनी, घाणेरडी गंमत आहे. नवख्याने मदत मागितली की त्याला एक छोटीशी आज्ञा सांगायची. ती दिली की मशीनला जे जे जोडलेलं आहे ते सगळं पुसलं जातं, न विचारता, न थांबता. जगभर लोक एकमेकांना गमतीत ती सांगतात आणि ऐकणारा शहाणा असेल तर शिवी देऊन मोकळा होतो. काकांना ती माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शैलेशने फोनवर हात ठेवून मला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. त्याने हात काढला आणि ‘तूच सांग’ अशी खूण केली.

‘‘काका, लिहा,’’ मी म्हणालो. ‘‘आर. एम. मग एक स्पेस.’’ मी सगळी अक्षरं नीट सांगितली. वर एक जास्तीचं अक्षरही लावायला सांगितलं, म्हणजे जे होईल ते स्क्रीनवर दिसत राहील.

‘‘वाचून दाखवतो, सर.’’ त्यांनी वाचून दाखवलं. अचूक होतं. ‘‘याचा अर्थ काय लिहू?’’

‘‘साफसफाई.’’

‘‘साफ-सफाई. एंटर मारू?’’

‘‘मारा.’’

सुरुवातीला काही झालं नाही. मग काका म्हणाले, ‘‘भरभर नावं वर जाऊन राहिली सर. इंग्रजी आहेत. वाचता येत नाहीत इतक्या जोरात.’’ आमच्यात हशा पिकला. हशा अजून चालू होता तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, हे तर… गडवा.’’

मग ते वाचत गेले. त्यांना दिसत होते तेवढेच, मधले मधले. ‘‘गंज. कुटार. सर, हे आपले शब्द आहेत. डवरणी. वावर. हे काहून येऊन राहिले? पोट्टं. तुऱ्हाटी. सर, हे दिसून राहिले का जाऊन राहिले?’’

चौघांपैकी कोणी हसत नव्हतं. शैलेश खुर्चीतून उठला होता. तो माझ्याकडे पाहत होता.

‘‘सर, बंद करू का? बटण दाबू?’’

एवढ्या वेळात फार तर हजारभर गेले असतील. जुनं मशीन, हळू डिस्क, सहा हजार फायली. अजून पाच हजार शिल्लक होते.

‘‘मधे बंद करू नका,’’ मी म्हणालो. ‘‘डिस्क खराब होईल.’’

‘‘बरं,’’ काका म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं नाही. ते स्क्रीनसमोर उभं राहून वाचत राहिले, आणि त्यांच्यामागे काकू एकेक शब्द ऐकून त्याचं गाव सांगू लागल्या. त्यांना वाटत होतं, काका यादी तपासताहेत. ‘‘येवदा,’’ त्या म्हणत होत्या. ‘‘हो, हा खल्लारचा. याची आई ठसक्यात म्हणायची.’’ दोन-अडीच मिनिटांनी आवाज थांबला.

‘‘सर, थांबलं. आता काय लिहू?’’

‘‘मशीन बंद करा,’’ मी म्हणालो. ‘‘उद्या येतो.’’

फोन ठेवल्यावर शैलेशने कॅफेचं शटर अर्धं ओढलं. मग म्हणाला, ‘‘पराग, नागपूरला एक जण आहे बे. पुसलेल्या डिस्कमधून काढून देते. वर दुसरं काही लिहिलं नसलं पाहिजे, बस. उद्या डिस्क काढ अन् घेऊन जा.’’

मलाही ते माहीत होतं. पुसणं म्हणजे डिस्कवरून जाणं नव्हे, नुसती नावं खोडली जातात. मजकूर तसाच पडून असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. सहा हजारांपैकी पाच-साडेपाच हजार तरी परत मिळाले असते.

सोमवारी सकाळी मी साईनगरला त्यांच्या घरी गेलो. काका फाटकातच उभे होते. रात्रभर झोपले नसावेत. काकू आत कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. पोहे झाकून ठेवले होते. मी खुर्चीवर बसलो. समोर काकांची वही उघडी होती.

पानाच्या वरच्या बाजूला तारीख, वेळ. खाली रेघ मारून लिहिलं होतं : ‘टेकाडे सर यांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे.’ त्याखाली स्पेस बार एकवीस वेळा. कीबोर्ड तीनदा झटकणे. मॉनिटरकडे पाठ, एक मिनिट. आणि सगळ्यात खाली ती आज्ञा, नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरांत, शेजारी अर्थ : साफसफाई.

ती डिस्क नागपूरला गेली असती तर ती वहीही गेली असती. काका सोबत आल्याशिवाय राहिले नसते, आणि वहीशिवाय ते कुठे जात नव्हते. नागपूरच्या माणसाने एक ओळ वाचली असती आणि विचारलं असतं, हे कोणी सांगितलं? विदर्भातलं लिनक्सचं जग म्हणजे तीस माणसं. आठ दिवसांत ते प्राचार्यांच्या कानावर गेलं असतं. जूनमध्ये माझी कायम होण्याची ऑर्डर निघायची होती.

‘‘सर,’’ काका माझ्यामागे उभे राहून म्हणाले, ‘‘माझ्या हातून काही चुकलं का टाइप करताना?’’

मी लाइव्ह सीडी घालून उगाच इकडे तिकडे पाहिलं. डिस्क ठणठणीत होती. काकू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना चेहरा फारसा दिसत नव्हता, तरी पाहत होत्या.

‘‘असू शकतं, काका,’’ मी म्हणालो. ‘‘एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. या वयात होतं तसं.’’

‘‘पण मी वाचून दाखवलं होतं…’’

‘‘वाचलं बरोबर. टाइप काय झालं ते मला फोनवर कसं दिसणार?’’

काकूंनी विचारलं, ‘‘काही काढता नाही येणार का रे बेटा? थोडे तरी?’’

‘‘नाही काकू. गेलं ते गेलं.’’ मी इन्स्टॉलेशनची सीडी घातली. ‘‘निदान मशीन तरी नीट करून देतो.’’

आणि मी लिनक्स टाकलं. पूर्ण डिस्कवर, आधी सगळी नव्याने आखून. आदल्या दिवशी ज्या पायरीवर अडकलं होतं ती मी बरोबर ओलांडली. कारण साधं होतं, एक खूण चुकीच्या जागी केली होती, दोन मिनिटांत सापडलं. निळी पट्टी सरकत होती. दहा टक्के, वीस टक्के. पट्टी जसजशी पुढे जात होती तसतसे खाली उरलेले शब्द बुजत होते, आणि ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी पोहे खाल्ले. काकूंनी वरून खोबरं घातलं. चाळीस मिनिटांनी अभिनंदनाची पाटी आली.

‘‘झालं,’’ मी म्हणालो.

‘‘झालं का?’’ काका म्हणाले आणि सवयीने टाळी वाजवायला हात वर केले, मग खाली घेतले. काकूंकडे वळून ते म्हणाले, ‘‘माझ्याच हातानं गेलं गं.’’

काकू उठल्या आणि आत गेल्या.

शैलेशला मी सांगितलं की डिस्कच नादुरुस्त निघाली. त्याने मान हलवली. पण त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं आणि वर्षभरात कॅफे विकून टाकला. स्वतःला मी बरीच वर्षं असं सांगत आलो, की रविवारच्या गडबडीत डिस्क जोडलेली आहे हे मी विसरलो. पोरकटपणा झाला, विसरभोळेपणा झाला, कोणाच्याही हातून होतं.

शैलेशने फोनवर हात ठेवून जे विचारलं होतं ते असं : ‘‘डिस्क काढली ना बे? जोडलेली नाही ना?’’

आणि मी म्हणालो होतो, ‘‘काढली.’’

विसरलो नव्हतो. दहा मिनिटांपूर्वी मीच जोडायला लावली होती. काकू जेवायला बोलावत होत्या तेव्हाही ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मला फक्त एकदा, एकदाच, त्या माणसाचं काहीतरी चुकलेलं पाहायचं होतं.

काका पुढेही रविवारी येत राहिले. नवीन येणाऱ्यांना सांगायचे, ‘‘माझं मशीन सरांनी स्वतः घरी येऊन नीट करून दिलं.’’ माझी ऑर्डर जूनमध्ये निघाली. मंडळ दोनेक वर्षांत बंद पडलं, आणि मग माझी त्यांची गाठ पडेनाशी झाली.

नऊ वर्षांनी बडनेरा रोडवरच्या एका लग्नात मी विभागप्रमुख म्हणून पुढच्या रांगेत बसलो होतो. मागच्या रांगेत माझ्याच कॉलेजची दोघं-तिघं होती. मी कोणाशी तरी बोलत असताना बाजूच्या खुर्चीवरून आवाज आला, ‘‘पराग ना रे तू?’’

सुमित्राकाकू होत्या. आता अजिबात दिसत नव्हतं, मला आवाजावरून ओळखलं होतं. सोबत आलेली त्यांची भाची ताट आणायला गेली होती. मी नमस्कार केला.

‘‘हे गेले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चैत्रात.’’

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

‘‘एक विचारू? खरं सांगशील?’’ त्यांनी चाचपडत माझा हात धरला. ‘‘त्या दिवशी चूक यांचीच होती ना? तुला तर यातलं सगळं कळते. शेवटपर्यंत मला म्हणत होते, माझीच चूक. पण ते तर कधी चुकत नव्हते रे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं एक अक्षर चुकलेलं पाहिलं नाही.’’

मी जे उत्तर दिलं ते दयेपोटी दिलं, असं मी पुढे मनाला समजावायचा प्रयत्न केला आहे. म्हातारीला आता खरं सांगून काय मिळवायचं, वगैरे. पण त्या क्षणी मनात दया नव्हती. मागच्या रांगेतले ऐकतील, एवढंच होतं.

‘‘हो काकू,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांचीच होती.’’

त्यांनी सुस्कारा सोडला आणि हात काढून घेतला.

‘‘मग बरं. नऊ वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही, बाबा. घरात आम्ही दोघंच, ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. दवाखान्यात शेवटी हात जोडून म्हणत होते, एक डाव नुसतं ‘अहो’ म्हण. नाही म्हटलं मी. तेव्हापासून जीव खात होता, की चूक त्यांची नसली तर?’’ भाची ताट घेऊन येत होती; तिच्या पावलांकडे काकूंनी मान वळवली. ‘‘आता झोप लागेल.’’